जुनीच गोळी

आमचा एक जुना विद्यार्थी, वय पन्नाशीचें, परवां कन्नडास आमच्या घरीं आला. आपणांस एचआयव्हीची बाधा असल्याचें प्रथमच बोलला. ‘गुरुजी, डॉक्टर कोलेस्टेरॉलची गोळी घे म्हणतात, ती कां?’

कारण असें कीं, विषाणू औषधांनीं दबला तरी अंगांत मंद दाह राहतो व धमन्या अकालीं जीर्ण होतात. पिटाव्हॅस्टॅटिन ही कोलेस्टेरॉलवरील गोळी बारा देशांतील ७,७६९ बाधितांमध्यें अजमाविली गेली. निम्म्यांस ती, निम्म्यांस नुसती दिखाऊ. पुण्याचें बै. जी. वैद्यकीय महाविद्यालयही त्यांत होतें. २०२३ सालच्या निष्कर्षाप्रमाणें हृदयविकार, पक्षाघात इत्यादि प्रसंग ३५ टक्क्यांनीं घटले. हे रुग्ण वृद्ध होऊं लागले म्हणून हा प्रश्न निघाला, हेंच केवढें!

त्याच वर्गांतील गोळी आम्ही रोज रात्रीं घेतों. डबी त्यास दाखविली. चहानंतर तो आपली कपबशी विसळावयास उठला. आम्हीं त्यास बसविलें.