पोरीला इलेक्ट्रिक गिटार घ्यायची का?

नांदगाव खंडेश्वरसारख्या तालुक्याच्या गावात सातवीतल्या मुलीनं इलेक्ट्रिक गिटार मागितली, की घरात दोन प्रश्न एकदमच उभे राहतात. एक पैशाचा. दुसरा मोठ्यानं कोणी विचारत नाही, पण जुम्याच्या नमाजनंतर अब्बांना बाजूला घेऊन कोणीतरी विचारतंच: हे आपल्यात चालतं का?

पैशाचा हिशेब सरळ आहे. साधी गिटार आणि लहान ॲम्प मिळून पंधरा हजारांच्या आसपास जातात. २०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. म्हणजे तीन क्विंटल सोयाबीन, तेही हमीभाव हातात पडला तर. ज्याला झेपत नाही त्यानं कर्ज काढू नये, वापरलेली गिटार अमरावतीत शोधावी. पण पैशाची अडचण मुलीच्याच वेळी जास्त आठवते, असं मला दिसतं. मुलाच्या मोबाइलला तेवढेच लागतात, आणि ते कुठून तरी निघतात.

आता दुसरा प्रश्न. इमाम गझालींनी ‘इह्या’मध्ये समावर अख्खं प्रकरण लिहिलं आहे. तारेची वाद्यं त्यांनीही मना केली, हे लपवायचं कारण नाही. पण का केली? ती वाद्यं त्या काळी दारूच्या मैफलींची ओळख झाली होती म्हणून. आवाज कानाला गोड लागतो म्हणून हराम, असं त्यांचं म्हणणं नव्हतं. उलेमांचे मतभेद आजही आहेत. युसूफ अल-करदावींनी अटींसह संगीत जायज मानलं, आपल्याकडचे अनेक आलिम वाद्यांना नाहीच म्हणतात. पण मतभेद आहे, तर तो मतभेद म्हणून सांगा. बारा वर्षांच्या पोरीला थेट जहन्नमची भीती कशाला घालायची?

आणि ‘आपल्यात’ म्हणजे कोणात? मिरजेत सतार-तंबोरे घडवणारी मुसलमान घराणी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांच्या वाद्यांना २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेचेच होऊन राहिले, आणि मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात आजही त्यांच्या नावानं गाणं होतं. सहारातल्या तुआरेग मुसलमानांनी तर इलेक्ट्रिक गिटार अशी आपलीशी केली की त्यांच्या ‘तिनारिवेन’ बँडला २०१२ मध्ये ग्रॅमी मिळालं. त्याच वर्षी उत्तर मालीत हत्यारबंद गटांनी संगीतावर बंदी घातली.

इतकं लांब जायला नको. डिसेंबर २०१२ मध्ये श्रीनगरात तीन शाळकरी मुलींचा ‘प्रगाश’ हा बँड स्टेजवर आला. इंटरनेटवर शिव्या आणि धमक्या सुरू झाल्या, फेब्रुवारीत तिथल्या मुफ्तींनी ते गैरइस्लामी ठरवलं, आणि बँड बंद झाला. मुख्यमंत्री जाहीरपणे मुलींच्या बाजूनं बोलले होते, तरीही. मला यात धमक्या देणाऱ्यांपेक्षा गप्प बसलेल्यांचा जास्त राग येतो. ते आपल्यासारखेच असतात, शिकलेसवरलेले.

युसूफ इस्लाम, म्हणजे पूर्वीचे कॅट स्टीव्हन्स, यांची गोष्ट उलटी आहे. १९७७ मध्ये इस्लाम कबूल केल्यावर त्यांनी पुढे आपल्या गिटारी विकून पैसे दान केले. वीसेक वर्षांनी त्यांच्याच मुलानं घरात गिटार आणली. एका पहाटे फज्रनंतर बापानं ती उचलली, आणि २००६ मध्ये नवा अल्बम आला. नमाज सुटली नाही, गिटारही परत आली.

राहिला मोहल्ल्याचा त्रास. इलेक्ट्रिक गिटारची गंमत अशी, की ॲम्प नसेल तर ती जवळजवळ मुकी असते. तारांखालच्या चुंबकावर तांब्याच्या तारेची गुंडाळी असते, तार हलली की तिच्यात वीज उमटते, आणि आवाज होतो तो पुढे ॲम्पमध्ये. हेडफोन लावला तर शेजारच्या खोलीतल्या दादीलासुद्धा ऐकू येत नाही. साध्या गिटारपेक्षा तिच्या तारा बारीक, म्हणून लहान बोटांना सोप्या. तरी सुरुवातीला बोटांची टोकं दुखतात आणि बरीच मुलं तिथंच सोडतात. गावात शिकवणारा नसेल, तर पंधरा दिवसांतून एकदा एसटीनं अमरावती, बाकी मोबाइलवर. अब्बांनी सोबत जावं. आणि तिला एक गाणं पूर्ण वाजवता आलं, की एखाद्या संध्याकाळी हेडफोन काढून ॲम्प सुरू करावा आणि शेजारच्या खालालाही चहाला बोलवावं.