उपग्रह सांगतो म्हणून?

फायनल इयरचा प्रोजेक्ट ठरवायची वेळ आली की एक सोपी वाट हमखास सापडते. इंटरनेटवरून समुद्राच्या पृष्ठभागाच्या तापमानाचा उपग्रहीय डेटा फुकटात उतरवायचा, लाल-निळा नकाशा काढायचा आणि निष्कर्षात 'एल निनो' लिहून मोकळं व्हायचं. वाट वाईट नाही. पण नकाशातला आकडा आला कुठून, असं व्हायव्हात विचारलं की आपली बोलती बंद!

उपग्रह काही समुद्रात थर्मामीटर बुडवत नाही. पाण्याच्या मिलिमीटरपेक्षाही पातळ थरातून निघणारे इन्फ्रारेड किरण तो मोजतो आणि त्यावरून तापमानाचं गणित मांडलं जातं. मध्ये ढग आला की खेळ खलास. म्हणजे ऐन पावसाळ्यात, अरबी समुद्राची खबर सगळ्यात जास्त हवी असते तेव्हाच हा डोळा मिटलेला! मायक्रोवेव्ह सेन्सरना ढगांपलीकडचं दिसतं, पण त्यांचं चित्र ढोबळ आणि किनाऱ्यालगत ते फारसं कामाचं नाही.

१९८२ साली काय झालं ते पाहा. मेक्सिकोतला एल चिचोन ज्वालामुखी मार्च-एप्रिलमध्ये फुटला. त्याचे गंधकयुक्त सूक्ष्म कण वातावरणात खूप उंचावर पसरले आणि उपग्रहाला पॅसिफिक महासागर आहे त्यापेक्षा थंड दिसू लागला. जहाजं मात्र गरम पाण्याचे आकडे कळवत होती. नेहमीच्या सरासरीपेक्षा ते फारच वेगळे, म्हणून कॉम्प्युटरने ते चुकीचे ठरवून बाजूला काढले. परिणाम? विसाव्या शतकातला एक सर्वांत मोठा एल निनो वाढत होता आणि शास्त्रज्ञांना त्याचा पत्ता बराच उशिरा लागला.

त्यातून धडा घेऊन विषुववृत्तीय पॅसिफिकमध्ये सुमारे ७० बोये नांगरले गेले. ते काम १९९४ मध्ये पुरं झालं. म्हणूनच १९९७ चा एल निनो जवळजवळ रोजच्या रोज टिपता आला. पुढे देखभालीचं जहाज काढून घेतलं आणि २०१४ च्या सुमारास त्या बोयांकडून जेमतेम ४० टक्के माहिती येऊ लागली. उपग्रहाचं उड्डाण टीव्हीवर दिसतं; गंजलेल्या बोयाचा सेन्सर बदलणाऱ्याला कोण विचारतो?

माझं म्हणणं एवढंच, की हे काम आपलं, इंजिनिअरांचं आहे. उपग्रहांची सलग नोंद १९८१ पासूनची. पॅसिफिकमधल्या काही चक्रांचा एकेक टप्पाच २०-३० वर्षांचा असतो. त्यात आपल्याला दशकाला एक-दोन दशांश अंशांची वाढ शोधायची आहे. जुन्या सेन्सरशी नव्याचा मेळ नीट बसवला नाही, तर यंत्रातला फरक हवामानाच्या नावावर खपून जाईल.

तेव्हा प्रोजेक्ट जरूर करा. पण एक चॅप्टर उपग्रह आणि बोया यांच्या आकड्यांच्या तुलनेला द्या. दोन्ही जुळले नाहीत, तर लगेच खोडरबर काढू नका. १९८२ मध्ये बाजूला काढलेले आकडेच खरे निघाले होते.