लहर परीक्षकाची, शिक्षा निबंधाला

राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक होणार, असे लोकसेवा आयोगाने 2022मध्ये जाहीर केले आणि 2023च्या सुरुवातीला पुण्यात उमेदवार रस्त्यावर उतरले. तयारीला वेळ द्या, ही मागणी रास्तच होती. आयोगाने बदल 2025पर्यंत पुढे ढकललाही. पण त्या गदारोळातला दुसरा युक्तिवाद अजून ऐकू येतो: निबंधाचे गुण म्हणजे परीक्षकाची लहर, उत्तरतालिका लावून तपासता येते तीच परीक्षा खरी.

हा पूर्वपक्ष पोकळ नाही. 1912 साली अमेरिकेत स्टार्च आणि एलियट यांनी इंग्रजीच्या दोन उत्तरपत्रिका 142 शिक्षकांकडून तपासून घेतल्या. त्यांतल्या एकीला कुणी 64 दिले, कुणी 98. पुढे 1961मध्ये डायडरिक आणि सहकाऱ्यांनी 300 निबंध 53 वाचकांना दिले. श्रेणी नऊच होत्या, आणि 34 टक्के निबंधांच्या वाट्याला नऊच्या नऊ आल्या!

आक्षेपवाले इथवर येऊन थांबतात. 1913 साली स्टार्च-एलियट यांनी भूमितीची उत्तरपत्रिका तशीच फिरवली, तेव्हा गुण 30च्या खालपासून 90च्या वरपर्यंत पसरले. म्हणून भूमितीची परीक्षा बंद करा, असे मात्र कुणी म्हटले नाही.

शिवाय डायडरिक यांनी वाचकांचे शेरे तपासले, तेव्हा त्यांचे गट पडले. कुणी विचार पाहत होते, कुणी मांडणी, कुणी शुद्धलेखन, कुणी शब्दयोजना, कुणी लिहिणाऱ्याची ढब. म्हणजे जो तो वेगळी गोष्ट मोजत होता. आपल्याकडे याहून निराळे काय होते? महापुरावर एका मुलाने लिहिले, ‘आत्यानं म्हैस सोडली, दावं खुट्याला तसंच ऱ्हायलं. सकाळी पानी उतरलं तवा दाव्याला चिखल व्हता.’ दुसऱ्याने लिहिले, ‘महापूर म्हणजे निसर्गाचे रौद्र रूप होय.’ पहिल्याला आठपैकी सहा द्यायचे की तीन, हे शुद्धलेखनाचे वजन किती यावर ठरणार. आणि ते वजन आधी कुणी ठरवलेलेच नसते. दुसरे वाक्य गाइडातले असूनही सुखरूप पार पडते.

यावर उपाय आहेत, आणि ते जुने आहेत. 1966मध्ये गॉडशॉक, स्वाइनफर्ड आणि कॉफमन यांनी प्रत्येक विद्यार्थ्याकडून पाच छोटे लेख लिहून घेतले आणि प्रत्येक लेख पाच जणांकडून वाचून घेतला. एकूण गुण भरवशाचे निघाले. आता विरोधकांचे हुकमाचे पान मीच टाकतो: याच अभ्यासात वाक्यदुरुस्तीच्या बहुपर्यायी प्रश्नांचे गुणही या लेखनगुणांशी चांगले जुळले होते. मग लिहून कशाला घ्यायचे? कारण जे परीक्षेत येते तेच क्लासमध्ये शिकवले जाते. पर्याय विचारा, मुले पर्याय घोटतील. नायब तहसीलदाराला वहिवाटीच्या रस्त्याच्या भांडणात आदेश लिहायचा असतो; तिथे चार पर्याय छापून येत नाहीत.

निबंधाच्या कैवाऱ्यांनाही मोकळे सोडता येत नाही. ‘अनुभवी परीक्षकाला पहिल्या परिच्छेदातच कळते’ हा त्यांचा लाडका दावा. वरचे 142 शिक्षकही अननुभवी नव्हते. यंत्राकडून तपासून घ्या म्हणणाऱ्यांनी लेस पेरेलमन यांचा 2014चा उद्योग पाहावा. त्यांच्या संगणक-आज्ञावलीने जुळवलेल्या निरर्थक पण भारदस्त निबंधांना गुण देणाऱ्या यंत्रांनी उत्तम गुण बहाल केले.

दहावीच्या मराठीत निम्मा उपाय आधीच आहे. 80पैकी 24 गुण उपयोजित लेखनाला आहेत आणि त्यात पत्र, बातमी, निबंध असे वेगवेगळे लेखन येते. पण ते सगळे एकाच परीक्षकाच्या हातून जाते, आणि तेही गठ्ठा संपवायच्या घाईत. दोघांनी स्वतंत्रपणे तपासावे, फरक मोठा असेल तर तिसऱ्याने. तपासणीआधी सर्वांनी त्याच दहा-बारा उत्तरपत्रिका वाचून गुण का दिले यावर भांडून घ्यावे. खर्च वाढेल, निकालाला उशीरही होईल, ते मान्य आहे.

राज्यसेवेत तर निबंधाला 250 गुण आहेत. आयोगाने निकालानंतर निवडक निबंध, नाव आणि क्रमांक झाकून, गुणांसकट प्रसिद्ध करावेत. 120 कशाला मिळाले आणि 95 कशाला, ते उमेदवारांना वाचू द्यावे. त्यांना परीक्षकाशी भांडायचे असेल तर निदान त्या ओळीवर बोट ठेवून भांडता येईल.