आजोबांचे दोन आणे

हैदराबादला निघालेल्या मराठी कुटुंबाची यादी ठरलेली असते. चारमिनार, बिर्याणी, रामोजी फिल्म सिटी, मोत्यांची खरेदी आणि वेळ उरलाच तर सालारजंग संग्रहालय. आम्ही ती यादी बाजूला ठेवली. मियापूरला राहणाऱ्या मित्राकडे आई, अण्णा, बायको, मुलं असं सगळं लटांबर घेऊन उतरलो आणि सांगून टाकलं, या वेळी फक्त संग्रहालयं. मित्र मूळचा लातूरचा, नोकरीनं हैदराबादी झालेला. म्हणाला, "शुक्रवारचं तेवढं मागू नका. इथली मोठी संग्रहालयं शुक्रवारी बंद." वहिनींची अट वेगळी होती. रोज सकाळी खिचडी-खट्टा पोटभर खाल्ल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. अट रास्तच होती. पोरांच्या पोटात कावळे ओरडायला लागले की निजामाचं सोनंही पितळ दिसतं.

सालारजंग एका दिवसात होत नाही. जे म्हणतात की झालं, ते दालनांतून चाललेले असतात, पाहिलेलं काही नसतं. गर्दी दोनच ठिकाणी. एक म्हणजे बुरख्याआडची रेबेका. बेन्झोनी या इटालियन शिल्पकाराची ही संगमरवरी बाई निजामाचे दिवाण पहिले सालारजंग यांनी १८७६ मध्ये रोमहून आणली. दगडातून चेहऱ्यावरची ओढणी झिरझिरीत दिसते, म्हणून लोक तिच्यापुढे हटत नाहीत. दुसरं म्हणजे ते घड्याळ. कलकत्त्याच्या कुक अँड केल्व्ही कंपनीकडून घेतलेलं. त्यात एक लोहार सेकंदासेकंदाला हातोडा मारत असतो आणि तास भरला की एक इवलासा माणूस दार उघडून बाहेर येतो, घंटेवर टोले देतो, आत जातो. दुपारी बाराला बारा टोले पडणार, म्हणून साडेअकरापासून बैठक मारलेली माणसं. टोले पडायला लागले की डोळे मोबाइलच्या पडद्यावर. समोरचं घड्याळ उघड्या डोळ्यांनी पाहणारी आमची आई बहुधा एकटीच असावी. तिला मोबाइलवर चित्रण करता येत नाही, हे त्या दिवशी तिच्या पथ्यावर पडलं.

मी मात्र रेंगाळलो बिदरी कामाच्या कपाटांपाशी. काळ्याशार हुक्क्याच्या बुडावर चांदीची वेलबुट्टी. जस्तात थोडं तांबं मिसळून भांडं ओतायचं, छिन्नीनं नक्षी कोरायची, त्यात चांदीची तार ठोकून बसवायची आणि शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती नवसागराच्या पाण्यात कालवून भांड्यावर चोळायची. धातू काळाभोर होतो, चांदीला धक्का लागत नाही. बिदर म्हणजे आमच्या उदगीरच्या पलीकडचं. हे पाहायला हैदराबाद गाठावं लागलं.

या संग्रहाचे धनी तिसरे सालारजंग, मीर युसूफ अली खान. अविवाहित होते, १९४९ मध्ये वारले. त्यांच्या दिवाण देवडीत १९५१ च्या डिसेंबरात पंडित नेहरूंच्या हस्ते संग्रहालय सुरू झालं आणि १९६८ मध्ये ते मुसीकाठच्या आजच्या इमारतीत आलं. एवढं सगळे सांगतात. आता हे ऐका. आपलं अजिंठा गाव सालारजंग घराण्याच्या जहागिरीत होतं. रोमहून रेबेका आणताना जी थैली सुटली, तिच्यात सिल्लोड-भोकरदनकडच्या काळ्या रानाचा सारा नव्हता, असं कोण म्हणेल?

हा हिशेब अण्णांनी पुरानी हवेलीतल्या निजाम संग्रहालयात बोलून दाखवला. अण्णा जिंतूरकडचे, पंच्याऐंशी ओलांडलेले, निजामाच्या राज्यात उर्दूतून पाटी गिरवलेले. सहाव्या निजामाचा १७६ फूट लांबीचा कपड्यांचा कपाटवाडा पाहून बायको अवाक् झाली. एकदा घातलेला पोशाख तो पुन्हा घालत नसे, असं सांगतात. मुलांना सोन्याच्या डब्याची गोष्ट आवडली. २०१८ मध्ये चोरांनी झरोक्यातून उतरून हिरेजडित डबा पळवला होता. आठवडाभरात ते सापडले, आणि त्यातला एकजण त्या डब्यात जेवला, असं पोलिसांनी सांगितलं. "मग काय, डबा जेवायलाच असतो," धाकटा म्हणाला.

अण्णा मात्र सातव्या निजामाच्या रौप्यमहोत्सवी नजराण्यांपुढे उभे. १९३७ चा तो सोहळा. चांदीच्या पेट्या, चांदीच्या इमारती, मानपत्रं. काचेला नाक लावून ते उर्दू अक्षरं जुळवत होते आणि नातवंडांना मोठ्यानं वाचून दाखवत होते. मध्येच थांबून म्हणाले, "गावोगावी वर्गणी काढली असणार. यात आमच्या आजोबांचे दोन आणे असतील." पहारेकरी हसला आणि अण्णांशी दखनीत सुरू झाला. त्या दोघांना तिथून हलवताना नाकी नऊ आले.

खरं धन आहे पब्लिक गार्डनमधल्या राज्य पुरातत्त्व संग्रहालयात. लोक तिथं इजिप्तची ममी पाहायला जातात. जावं, पण तिथं अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकलाही आहेत. निजाम सरकारनं १९१४ मध्ये पुरातत्त्व खातं काढलं, गुलाम याझदानींना प्रमुख केलं, चित्रं वाचवायला इटलीहून तज्ज्ञ बोलावले. त्यांनी दिलेला लाखेचा थर पुढे पिवळा पडला, ती गोष्ट वेगळी. त्याच काळात हैदराबादच्या चित्रकारांनी लेण्यांत बसून हुबेहूब नकला केल्या. सय्यद अहमद हे त्यातलं ठळक नाव. लेण्यात मिणमिणत्या उजेडात मान वाकडी करून जे पाहिलं, ते इथं डोळ्यांसमोर उभं. आम्ही होतो तेवढा वेळ तिथं दुसरं कुणी फिरकलं नाही.

बिर्ला विज्ञान संग्रहालयातला ४४ फुटी डायनोसॉरचा सांगाडा मुलांनी वसूल केला. त्याचं नाव कोटासॉरस. हाडं सापडली तेलंगणातल्या यमनपल्लीत, पण ज्या खडकांवरून नाव पडलं ते कोटा गाव आपल्या गडचिरोलीत, सिरोंचा तालुक्यात आहे.

मराठवाड्यातल्या शाळांच्या सहली हैदराबादला येतातच. गुरुजींना एवढीच विनंती, फिल्म सिटीतला अर्धा दिवस काढून पब्लिक गार्डनला द्या. असेंब्ली मेट्रो स्थानकावरून चालत जाता येतं. आणि घरात उर्दू वाचणारे आजोबा असतील, तर त्यांना घेऊन पुरानी हवेली गाठा; पुढच्या वर्षावर ढकलू नका.