हार्ड डिस्कला धक्का लागला, पण कधी?

लग्नसराईत जळगाव-धुळ्याच्या फोटो स्टुडिओंमध्ये पोर्टेबल हार्ड डिस्क दिवसभर लावल्या-काढल्या जातात. केबलची चपटी, रुंद पिन सॉकेटात घट्ट बसलेली असते. एका हाताने डबी दाबून धरायची आणि दुसऱ्या हाताने पिन ओढायची. पिन एकदम सुटते, डबी हातातून निसटते आणि टेबलाच्या कडेवर आदळते. मग सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न: ‘भाऊ, डाटा गेला का?’

बहुतेक वेळा गेलेला नसतो. मात्र डबी किती जोरात आपटली याच्याइतकेच, त्या क्षणी आतली तबकडी फिरत होती का, यालाही महत्त्व आहे.

या डबीत आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या असतात आणि बऱ्याच पोर्टेबल डिस्कमध्ये त्या मिनिटाला ५४०० फेरे घेतात. माहिती वाचणारे हेड तबकडीला टेकत नाही. फिरण्याने तयार झालेल्या हवेच्या थरावर ते काही नॅनोमीटर उंचीवर तरंगते. माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, त्यावरून ही फट किती बारीक आहे ते कळावे. या अवस्थेत जोराचा दणका बसला, तर हेड तबकडीवर आदळून चरा पडू शकतो. त्यातून उडालेले कण पुढचे नुकसान करत राहतात.

डिस्क थांबते तेव्हा हेड तबकडीवरून बाजूला सरकून उतारासारख्या पट्टीवर विसावते. म्हणूनच अडीच इंची डिस्कच्या माहितीपत्रकांत दोन वेगळे आकडे दिसतात: चालू असताना साधारण ४०० जी (म्हणजे गुरुत्वीय त्वरणाच्या ४०० पट), बंद असताना १००० जीच्या आसपास. हे आकडे मोठे वाटतात, पण हा हिशेब एक-दोन मिलिसेकंदांच्या धक्क्याचा असतो. कठीण फरशीवर थोड्या उंचीवरून पडलेल्या वस्तूलाही क्षणभर शेकडो जी बसू शकतात.

केबल उपटली तरी हेड वाऱ्यावर सोडलेले नसते. फिरत्या तबकडीत उरलेल्या ऊर्जेवर डिस्क हेडला जागेवर नेते. खरा धोका त्याआधी आहे. पिन हलवून सैल करताना वीज चालू असते, हेड तबकडीवर असते आणि डबी मुठीत पिरगळली जात असते. म्हणून आधी संगणकावरून ‘इजेक्ट’ करावे, डबी टेबलावर सपाट राहू द्यावी, घरघर थांबेपर्यंत दहाएक सेकंद जाऊ द्यावेत आणि मगच पिन सरळ ओढावी. विंडोज १० मध्ये २०१८ पासून ‘क्विक रिमूव्हल’ ही आपोआप निवडलेली सोय आहे, त्यामुळे इजेक्टची गरज उरली नाही असे अनेकांना वाटते. ती सोय फाइल अर्धवट राहू नये यासाठी आहे. फिरत्या तबकडीला धक्क्यापासून ती वाचवत नाही.

खानदेशात आणखी एक संकट आहे, उन्हाचे. अनेक पोर्टेबल डिस्कसाठी वापराची वरची मर्यादा ३५ अंश सांगितलेली असते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या डिस्कचे हाल सांगायलाच नकोत.

धक्क्यानंतर डिस्क नेहमीसारखी चालली, तर त्याच दिवशी सगळा डाटा दुसरीकडे उतरवून घ्यावा. टिक-टिक आवाज आला तर लगेच बंद करावी. पुन:पुन्हा लावून पाहणे, फ्रीजमध्ये ठेवणे, साध्या दुकानात उघडून घेणे, हे सगळे घातक आहे. धुळीचा एक कणही हेड आणि तबकडीमधल्या फटीपेक्षा कितीतरी मोठा असतो.

एवढी काळजी घेऊनही डिस्क एक दिवस जाणारच आहे. म्हणून एकाच डिस्कवर भरवसा ठेवण्याची सवय मोडायला हवी, आणि खानदेशाला हे सांगण्याची गरज पडू नये. इथल्याच कवयित्री बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. मुलगा सोपानदेव आणि त्यांच्या मावसभावाने ज्या ओव्या उतरवून घेतल्या, त्या आचार्य अत्र्यांपर्यंत पोचल्या आणि १९५२ मध्ये पुस्तक निघाले. जे कुणी लिहून घेतले नाही, ते गेले. धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या ३१ डिसेंबरला वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले, म्हणून त्यांचे कागद आजही अभ्यासकांच्या हाती आहेत. कागद पिवळा पडतो, वाळवी लागते, तरी ते डोळ्यांना दिसते आणि वेळ मिळतो. डिस्क अनेकदा तेवढाही वेळ देत नाही.

आज आखाजीच्या झोक्यावरची गाणी, कानबाईची गाणी, आजीच्या तोंडची अहिराणी मोबाइलवर ध्वनिमुद्रित होते आणि जागा अपुरी पडली की एका डिस्कवर ढकलली जाते. मोबाइलमधून ती पुसण्याआधी दुसरी प्रत दुसऱ्या घरात पोचलेली असावी, मग ती मुंबईतल्या भावाकडे असो वा क्लाउडवर. लग्नाच्या शूटिंगचेही तसेच. ग्राहकाने दोन प्रती मागून घ्याव्यात, आणि मूळ फुटेज किती महिने सांभाळणार हे स्टुडिओने पावतीवरच लिहून द्यावे. अल्बमची पाने आणि ड्रोनचे तास पावतीवर येतात, तिथे ही एक ओळ सहज मावेल.