हरकत नाही, साहेब

गेल्या पावसाळ्याआधीची गोष्ट. आमच्या मोहल्ल्यातल्या एक भाभी कोर्टाची तारीख करून आल्या आणि थेट आमच्या ओट्यावर बसल्या. तळ्याहून इंदापूर, तिथून पुढची एसटी, तसेच परत. दमल्या होत्या, पण चेहऱ्यावर समाधान होते. "सर, जजसाहेबांनी विचारलं, काही हरकत आहे का? मी साफ सांगितलं, नाही साहेब, मी काहीच हरकत केली नाही."

आम्ही कपाळाला हात लावला.

भाभींचे माहेर भिवंडीचे, शिक्षण उर्दूतून सातवी. उर्दूत हरकत म्हणजे हालचाल, आणि दरडावून विचारले तर आगळीक. मराठी कोर्टात हरकत म्हणजे आक्षेप. समोरच्याने भाभींच्या मरहूम पतीच्या सहीचा एक झेरॉक्स कागद पुढे केला होता, परसातली जागा दिल्याचा. तो पुराव्यात घ्यायला हरकत आहे का, एवढाच प्रश्न होता. रोजनाम्यात नोंद झाली, 'प्रतिवादीची हरकत नाही', आणि कागदाला निशाणी क्रमांक पडला. मूळ कागद कुठे आहे, हे विचारायची वेळ नेमकी तीच होती. झेरॉक्सबद्दलचा असा आक्षेप त्याच वेळी घ्यावा लागतो. मागाहून घेतला तर कोर्ट सहसा ऐकत नाही.

वकील का दिला नाही? दीड गुंठा जागा आणि विधवा बाई. फीचा आकडा ऐकूनच त्या परत फिरल्या होत्या.

आम्हाला वाटायचे, कोर्टाची मराठी म्हणजे निम्मी फारसी; आपल्या लोकांना सोपीच जाईल. पण अनोळखी शब्द माणूस विचारून तरी घेतो, ओळखीचाच दगा देतो. उर्दूत कैफियत म्हणजे हालहवाल. कोर्टात कैफियत म्हणजे प्रतिवादीचे लेखी उत्तर, तेही समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत. कारण पटले तर कोर्ट 90 दिवसांपर्यंत मुदत देते. भाभी समजत होत्या, जाऊन तोंडी हाल सांगायचा. भाच्याने वेळेवर लिहून दिली म्हणून बरे. खुलासा उर्दूत सारांश, इथे स्पष्टीकरण. दरखास्त म्हणजे साधी विनंती नव्हे, निकालाची अंमलबजावणी मागण्याचा अर्ज. आणि राजीनामा? उर्दूत तो समेटाचा कागद. मराठीत नोकरी सोडण्याचा!

यात जजसाहेबांचा दोष नाही, ते मराठीतच बोलले. महाराष्ट्रात खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे, 1998 ची तशी अधिसूचना आहे, आणि ते योग्यच आहे. वर उच्च न्यायालयात संविधानाच्या कलम 348 प्रमाणे कामकाज इंग्रजीत. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, बिहार इथल्या उच्च न्यायालयांत हिंदीला परवानगी आहे. मुंबईत मराठीला तशी नाही. मग तळ्याचा माणूस स्वतः उभा राहिला तरी बोलणार कसा?

आणि कौटुंबिक न्यायालयात तर 1984 च्या कायद्याच्या कलम 13 प्रमाणे वकील हा हक्कच नाही, कोर्टाने परवानगी दिली तर. म्हणजे तलाक, पोटगी, मुलांचा ताबा, जिथे बोलताना गळा दाटतो, तिथेच बाईने स्वतः बोलायचे.

भाभींना आम्ही तालुका विधी सेवा समितीकडे पाठवले. 1987 च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो. 15100 वर फोन केला तरी माहिती मिळते. हे त्यांना तारखेच्या आधी कोणी सांगितले नव्हते. आम्हीही नाही. वीस वर्षे आम्ही उर्दू शाळेत मराठी शिकवतो, मुलांकडून सुट्टीचा अर्ज घोटून घेतो. समन्स एकदाही वाचून दाखवले नाही. या सत्रात नववीच्या वर्गात एक जुने समन्स, नावे खोडून, फळ्यावर उतरवले. 'मजकूर इसम' वाचून मुले पोट धरून हसली. मग एका मुलीने विचारले, "सर, समजलं नाही तर जजसाहेबांना पुन्हा विचारता येतं का?" येते. "साहेब, प्रश्न समजला नाही", एवढे म्हणायला बंदी नाही.

भाभींच्या नव्या वकीलबाईंनी अर्ज दिला आहे : प्रतिवादीला प्रश्नाचा अर्थ कळला नव्हता, आक्षेप घेऊ द्यावा. त्यावर समोरच्याचे म्हणणे, ज्याला कोर्टात 'से' म्हणतात, अजून आलेले नाही. तारीख पुढच्या महिन्याची पडली आहे.