चर्चेच्या तासाला येताना

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काहीजण पुढे जीवशास्त्र घेऊन विद्यापीठात जातील. कोणी पुण्या-मुंबईत शिकतील, कोणी परदेशीही जातील. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत जीवशास्त्राच्या वेळापत्रकात तीन गोष्टी दिसतात : व्याख्यान, प्रयोगशाळा आणि चर्चा. व्याख्यानाला काही शे विद्यार्थी एका सभागृहात बसतात. चर्चेसाठी त्यांचे वीस-पंचवीसांचे गट पाडतात आणि आठवड्यातून एकदा एकेक गट, बहुधा एखाद्या संशोधक विद्यार्थ्याच्या देखरेखीखाली, एकत्र जमतो. पहिल्या दोन गोष्टी आपल्या ओळखीच्या आहेत. तिसरी आपल्याकडे फार क्वचित आढळते, म्हणून तिच्याविषयी लिहावेसे वाटले. मी पदार्थविज्ञान शिकवतो. तेव्हा शेजारच्या घरात डोकावतो आहे म्हणा ना!

आपल्या विद्यार्थ्याला प्रथम वाटते की, हा शंकानिरसनाचा तास असेल. व्याख्यानात राहून गेलेले पुन्हा सांगतील, आपण उतरून घेऊ. तसे नसते. येथे नवा भाग शिकवला जात नाही. बऱ्याचदा एखादा मूळ शोधनिबंध आधीच वाचायला दिलेला असतो आणि तुम्ही तो वाचून आला आहात असे धरूनच तासाला सुरुवात होते. व्याख्यानाला न वाचता गेलात तर तुमचे एकट्याचे नुकसान. चर्चेला तसेच गेलात तर साऱ्या गटाचे, कारण तेथे बोलायचे असते ते एकमेकांशी.

पण वाचणे म्हणजे तरी काय? एक उदाहरण घेऊ. १९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएच्या रेणूची रचना मांडली : दोन पेडांचा पिळलेला गोफ. पेशीचे विभाजन होण्याआधी या गोफाची दुसरी प्रत तयार व्हावी लागते. ती कशी होत असेल? तीन शक्यता होत्या. जुना गोफ जसाच्या तसा राहून शेजारी संपूर्ण नवा तयार होत असेल. किंवा जुने दोन पेड सुटे होऊन प्रत्येकाला एक नवा जोडीदार मिळत असेल. किंवा जुन्या-नव्या तुकड्यांची सगळीकडे सरमिसळ होत असेल.

मेसेलसन आणि स्टाल या दोघांनी कॅलिफोर्नियात केलेला, १९५८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग या प्रश्नावरचा आहे. त्यांनी जिवाणूंना चौदा पिढ्या जड नायट्रोजनवर वाढवले. या नायट्रोजनचा अणुभार १५ असतो, नेहमीच्याचा १४. मग जिवाणूंना एकदम नेहमीच्या नायट्रोजनवर आणले आणि ठरावीक वेळाने त्यांचा डीएनए तपासला. तो सीझियम क्लोराइडच्या द्रावणात घालून, मिनिटाला सुमारे ४५,००० फेऱ्या या वेगाने वीस तास फिरवला. अशा फिरण्याने द्रावण बाहेरच्या बाजूला दाट व आतल्या बाजूला विरळ होते, आणि डीएनए आपल्या घनतेशी जुळणाऱ्या जागी पट्ट्यासारखा गोळा होतो. त्याचे अतिनील प्रकाशात छायाचित्र घ्यायचे. (जीवशास्त्राचा एवढा मोठा प्रश्न सुटला तो घनतेच्या धड्यावर, हे मी माझ्या वर्गात मुद्दाम सांगतो!)

पुस्तकात हे चार ओळींत संपते : प्रयोग केला, दुसरी शक्यता खरी ठरली. चर्चेच्या तासाला मात्र लेखकांचा निष्कर्ष बाजूला ठेवून त्या छायाचित्रांकडे बघायचे असते. एका पिढीनंतर एकच पट्टा दिसतो, जड आणि हलका यांच्या मधोमध. म्हणजे पहिली शक्यता बाद, कारण तीत दोन पट्टे दिसायला हवे होते. पण तिसरीचे काय? सरमिसळ झाली असती तरी पट्टा मधेच आला असता! वर्गातल्या कोणीतरी येथे हात वर करून म्हणायला हवे, 'एवढ्यावरून दुसरी शक्यता सिद्ध होत नाही.' त्याचे म्हणणे अगदी बरोबर आहे. निकाल लागतो तो दोन पिढ्यांनंतरच्या छायाचित्रावर. त्यात दोन सारखे पट्टे आहेत, एक मधला आणि एक हलका. सरमिसळ असती तर एकच पट्टा हलक्या बाजूला थोडा सरकलेला दिसला असता.

दुसरा कोणी विचारील, 'जड नायट्रोजन म्हणजे किरणोत्सारी नायट्रोजन ना?' अनेकांचा असा समज असतो. तो किरणोत्सारी नाही, स्थिर आहे. नायट्रोजनचा सर्वांत जास्त टिकणारा किरणोत्सारी समस्थानिकसुद्धा सुमारे दहा मिनिटांत निम्मा होतो, आणि येथे तर नळी वीस तास फिरवायची आहे! असा प्रश्न बावळट मुळीच नव्हे. त्यातून पद्धतीचे मर्म बाहेर आले : येथे किरण मोजलेले नाहीत, घनता मोजली आहे.

तेव्हा अपेक्षा काय, ते ध्यानात येईल. 'मला काहीच समजले नाही' असे म्हणून चालत नाही. कोणत्या आकृतीपाशी, कोणत्या वाक्यापाशी अडले ते सांगावे लागते. असहमत होता येते, पण कारण द्यावे लागते. दुसऱ्याचे पुरते ऐकून घ्यावे लागते, आणि हे हुशार मुलांना सर्वांत जड जाते. गप्प बसणे हा विनय आहे असे आपल्याकडे मानतात. तेथे गप्प बसणारा तयारी करून आला नाही असे समजले जाण्याचा संभव असतो. 'सर' म्हणूनही शंका घेता येते. तीत उद्धटपणा नाही.

एक गोष्ट मात्र मला पटत नाही. पुष्कळ ठिकाणी चर्चेतल्या सहभागाला गुण असतात, आणि मग कोण किती वेळा बोलले याची मोजदाद सुरू होते. सावकाश विचार करणाऱ्या मुलावर यात अन्याय होतो. त्यापेक्षा प्रत्येकाने आदल्या दिवशी एक प्रश्न लिहून आणावा आणि गुण द्यायचेच तर त्या प्रश्नाला द्यावेत.

शिक्षक मित्र म्हणतील, साठ मुले, पस्तीस मिनिटे आणि पुरा करायचा अभ्यासक्रम! अडचण खरीच आहे. पण २०१४ साली अमेरिकेत विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित यांच्या अध्यापनावरील २२५ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचे प्रमाण सुमारे ३४ टक्के होते, विद्यार्थ्यांना काहीतरी करायला लावणाऱ्या वर्गांत सुमारे २२ टक्के. या दुसऱ्या गटात चर्चेखेरीज इतर पद्धतीही होत्या, हे खरे. तरी महिन्याचा एक तास यासाठी काढावा एवढा फरक मला मोठा वाटतो. निष्कर्ष झाकून फक्त आकृती फळ्यावर काढा, प्रश्न विचारा आणि मग थांबा. वर्ग शांत राहील. घाईने उत्तर सांगू नका.

वरच्या प्रयोगापासूनच सुरुवात करता येईल. तिसऱ्या पिढीनंतर किती पट्टे दिसतील, आणि त्यांतला कोणता किती गडद असेल? प्रत्येकाने कागदावर चित्र काढावे आणि शेजाऱ्याच्या चित्राशी ताडून पाहावे. दोन्ही वेगळी निघाली, तर आधी आपापसात भांडून घ्यावे.